सव्वा वर्षाच्या वछेरीला रात्रीत पोटशूळ उठला, धास्ती अजून जात नाही

तापीकाठचा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे बैल-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या, पण घोडं घरात पहिल्यांदाच आलंय. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी वछेरी घेतली. सव्वा वर्षाची आहे, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नाव चांदणी.

परवा संध्याकाळी चंदी टाकली तर तिने तोंड लावलं नाही. पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, मान वळवून कुशीकडे बघायची, वरचा ओठ दुमडायची. मग बसली, उठली, परत बसली आणि शेवटी गडबडा लोळायला लागली. एवढ्या थंडीत अंग घामाने ओलं. आई तिच्याशी बोलत शेजारी उभी होती, तिचेच हात कापत होते.

1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावला, शहाद्याला तालुक्याच्या डॉक्टरांनाही लावला. तोवर गोठ्यात गर्दी जमली. कुणी म्हणे मोहरीचं तेल, हिंग आणि खायचा सोडा बाटलीने पाज. कुणी म्हणे रात्रभर पळव, बसू दिलीस तर आतडं पिळून मरेल. एक जण मेडिकलमधून दुखण्याचं इंजेक्शन आणायला गाडीवर बसलाच होता. मी काही पाजू दिलं नाही, कारण मान वर धरली की ती बिथरत होती. नुसती म्होरकी धरून अंगणात हळूहळू फिरवत राहिलो.

डॉक्टर साडेदहाच्या सुमारास आले. शिरेत इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटातलं पाणी उलट येतंय का ते पाहिलं. आलं नाही, तेव्हा त्याच नळीने लिक्विड पॅराफिनचं तेल सोडलं. पहाटे लीद पडली, थोडीच, सुके गोळे आणि त्यावर चिकट पांढुरका थर. आज ती ठीक दिसते, पण मी दर तासाला गोठ्यात जाऊन येतोय.

खाणं सांगतो. ज्वारीचा कडबा, भिजवलेला हरभरा, कोंडा आणि गेल्या आठवड्यापासून भरपूर लसूणघास. दुपारी नदीकाठी चरते. जंताचं औषध दिलंय असं विकणाऱ्याने सांगितलं, पण कधी आणि कोणतं ते त्याला आठवत नव्हतं. परत असं झालं तर डॉक्टर पोचेपर्यंत नेमकं काय करायचं? आणि मुळात हे झालं कशाने?

अश्विनी_पुणे
दादा, वाचताना जीव गोळा झाला. चांदणी उभी आहे हे वाचून बरं वाटलं.

एकच सांगते, गोठ्यात खुंटीला एक साधा थर्मामीटर आणि स्टेथोस्कोप टांगून ठेवा. ती बरी असताना रोज तिचे ठोके मोजा. तिचे नेहमीचे ठोके ठाऊक असतील तरच वाढलेले कळतील. आणि ती लोळत असताना तिच्या पायांच्या बाजूला कुणालाही उभं राहू देऊ नका, आईंना तर अजिबात नाही. वेदनेत घोड्याला माणूस दिसत नाही. बादल्या, विटा, तारा आधी तिथून उचला.

मोतद्दार
तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

मी पुण्याकडच्या स्टड फार्मवर मोतद्दार होतो. सगळी हयात शिंगरं आणि वछेऱ्या सांभाळण्यात गेली. पोटशुळाच्या रात्री खूप काढल्या. काही जनावरं वाचली, काही डोळ्यांदेखत गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही बाटली तोंडाला लावू दिली नाही, हे फार मोठं काम केलंत. घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायूचा इतका घट्ट वेढा असतो की आत गेलेलं वर येत नाही. त्यात एवढ्या मोठ्या जनावराचं जठर अगदी लहान, पूर्ण वाढलेल्या घोड्याचंही आठ ते पंधरा लिटरचं. पुढे वाट अडली असेल तर गॅस आणि पाणी तिथंच तुंबतं, आणि जठर फुटून घोडं मरतं. अशा पोटात वरून तेल ओतायचं? शिवाय मान उंच धरून पाजलं की निम्मं फुप्फुसात जातं. पोटशूळ बरा झाला आणि चार दिवसांनी तेलाच्या न्यूमोनियाने घोडं गेलं, हे मी पाहिलंय. डॉक्टर नळी आधी घालतात ती यासाठीच. उलट काही आलं तर ते काढून टाकतात आणि तेल देतच नाहीत.

आता पळवण्याचं. दहा-पंधरा मिनिटं संथ चालवा, मग थांबून बघा. चालण्याने आतड्याला थोडी हालचाल मिळते आणि लोळून अंग सोलवटत नाही, एवढाच त्याचा उपयोग. लोळल्यानेच आतडं पिळतं ही समजूत जुनी आहे, पण बहुतेक वेळा पीळ आधी पडलेला असतो आणि त्या वेदनेने घोडं लोळतं. वछेरी शांत पडून असेल, श्वास नीट चालू असेल तर पडू द्या. रात्रभर पळवलेलं जनावर डॉक्टर येईपर्यंत इतकं थकलेलं असतं की त्याच्या अंगात झुंजायला ताकद उरत नाही.

खाणं ताबडतोब उचला, कडब्याची काडीसुद्धा समोर ठेवू नका. मग घड्याळ घेऊन बसा. जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने बोटं फिरवा, दोरीसारखी एक शीर सरकते. तिच्यावर हलकं बोट ठेवून ठोके मोजा. मोठ्या घोड्याचे उभ्याने 28 ते 44, तुमच्या वयाच्या वछेरीचे थोडे जास्त, साठच्या आत. ती गप्प उभी असतानाही साठच्या वर जात राहिले तर डॉक्टरांना पुन्हा फोन करून आकडा सांगा. ऐंशीच्या पुढे गेले तर एक मिनिट घालवू नका.

मग ओठ उचलून हिरडी बघा. निरोगी हिरडी ओलसर गुलाबी असते. अंगठ्याने दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांत परत गुलाबी झाला पाहिजे. हिरडी विटकरी किंवा जांभळट दिसली, हाताला कोरडी लागली, तर आत विष भिनायला लागलंय असं समजा. नंतर दोन्ही भकाळ्यांना, म्हणजे फासळ्यांमागच्या खळग्यांना, कान लावा, वर आणि खाली. गुडगुड ऐकू आली तर आतडं चालतंय. चारही जागी काहीच ऐकू आलं नाही तर मला अजूनही घाम फुटतो. आवाज करणाऱ्या पोटाला मी कधी तेवढा घाबरलो नाही.

एक खूण नवख्या माणसाला फसवते. खूप तडफडणारं घोडं एकाएकी गप्प होतं, मान खाली घालून उभं राहतं, घाम गार पडतो. घरचे म्हणतात, चला, आराम पडला. अशा वेळी हिरडी आणि ठोके बघितल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका. आतडं फुटल्यावरही वेदना अशीच थांबते.

कशाने झालं, हे इथे बसून सांगता येणार नाही. तुमच्या लिहिण्यात तीन-चार कारणं दिसतात. घास एकदम वाढला, त्याने गॅस धरतो. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा बदलावा. थंडीत गार पाण्याला तोंड लावत नाहीत आणि वर कोरडा कडबा, त्याने गच्च बसतं. लिदीवरचा तो पांढुरका थर आतड्याचा चिकटा, लीद आत बराच वेळ अडकून राहिल्याची ती खूण. नदीकाठी चरताना मुळासकट वाळू पोटात जाते.

पण या वयात मला सगळ्यात आधी जंताचा संशय येतो. तिचं पोट सुटलेलं आहे का? अंगावरचे केस राठ आहेत का? मध्यंतरी खोकत होती का? शिंगरांचे मोठे पांढरे जंत अंड्यातून निघाले की यकृत आणि फुप्फुसातून फिरून आतड्यात येतात, म्हणून आधी खोकला होतो. दुसऱ्या एका तबेल्यात आठ महिन्यांचा नर होता, हाडं वर आलेली, पोट मोठं. मालकाने दुकानातून जालीम औषध आणून एकदम दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. पोट उघडलं तेव्हा मी हजर होतो. लहान आतड्यात वीतभर लांबीचे, हाताला रबरासारखे लागणारे जंत दोरखंडासारखे एकमेकांत गुंतून बसले होते, आतडं त्या जागी काळं पडलेलं. औषधाने जंत मेले, पण बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणून हात जोडून सांगतो, घाबरून उद्याच जंताचं औषध देऊ नका. आधी लीद तपासून घ्या.

पशुवैद्य_सातारा
मोतद्दार काकांनी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक ओळीशी सहमत. डॉक्टर म्हणून थोडी भर घालतो.

घोड्याच्या पोटशुळात आम्ही बहुधा फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक देतो. ते शिरेतच द्यायचं असतं. मांसात टोचलं तर तिथे जंतुसंसर्ग होऊन मांस सडू शकतं, आणि त्याने जनावरं दगावतात. शिवाय ते वेदना झाकतं. मालकाने डॉक्टरांच्या आधी टोचलं तर आम्हाला खरी अवस्था दिसत नाही. नीट मात्रा देऊनही काही तासांत पुन्हा तेवढीच वेदना सुरू झाली, तर प्रकरण औषधाच्या पलीकडे गेलं असं धरून मोठ्या दवाखान्याचा विचार करावा लागतो. पाणी आटलेल्या लहान जनावराला हीच औषधं वारंवार दिली तर मूत्रपिंडं बिघडतात, जठरात व्रण होतात.

मेडिकलमधलं डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं इंजेक्शन तर अजिबात नको. ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मोठ्या संख्येने मेली, त्यानंतर 2006 पासून ते जनावरांसाठी बंद आहे.

नेण्याची वेळ आलीच तर कुठे न्यायचं ते आज ठरवून ठेवा. शहाद्याकडून परळ किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब पडतं, तुम्हाला नवसारीचं जवळ. घोड्याचं पोट उघडायची सोय आणि माणसं कोणत्या वेळी असतात, हे आधी फोन करून विचारा. नुसतं तिथे महाविद्यालय आहे म्हणून रात्रभर टेम्पोत घालून नेऊ नका. टेम्पोवाल्याचा नंबरही लिहून ठेवा.

जंतांबद्दल: ताज्या लिदीचा नमुना स्वच्छ डबीत, थंड जागी ठेवून लवकरात लवकर तपासायला पाठवा, अंडी मोजून घ्या. हे जंत बऱ्याच देशांत आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाला दाद देईनासे झालेत. ओझं जास्त असेल तर कोणतं औषध, किती आणि केव्हा, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावं. सावकाश काम करणारं औषध अशा वेळी जास्त सुरक्षित. मात्रा वजनावर असते, तेव्हा अंदाजाने देऊ नका.

तापीकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, खोकत होती ना, आल्यापासून खोकत होती, आम्हाला वाटलं थंडीचं असेल. पोटही सुटलेलं आहे.

आज लीद तपासायला दिली. अहवालात गोल जंतांची अंडी भरपूर आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस आतडं नीट चालू दे, मग फेनबेंडाझोल देऊ आणि पंधरा दिवसांनी परत लीद बघू. अंडी अजून दिसली तर औषध बदलायचं. तोवर घास बंद, ओला चारा थोडा थोडा, पाणी कोमट करून. कोमट केल्यापासून बादली लवकर रिकामी होते.

वाळूचंही बघितलं. लिदीचे जमिनीला न टेकलेले वरचे गोळे काचेच्या बरणीत पाण्यात कालवून ठेवले. अर्ध्या तासाने तळाशी राखाडी थर बसला, बोटात धरला तर करकरतो. याला काही उपाय?

आणि दुसरं, ती म्हशींच्या गोठ्यातच बांधलेली असते. दोन लहान रेडकं आहेत. त्यांना हे जंत लागतील का?

पशुवैद्य_सातारा
वाळूसाठी इसबगोल वापरतात, आणि नळीने पॅराफिनबरोबर दिलं तर नुसत्या पॅराफिनपेक्षा चांगलं काम करतं. पण आधी जंतांचं काम उरकू द्या, इसबगोल नंतर तुमच्या डॉक्टरांना विचारून. त्याहून मोठा इलाज म्हणजे तिला काही दिवस नदीकाठी सोडू नका आणि चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्या. गव्हाणीखाली जुनी रबरी चटई टाका, सांडलेलं ती तिथूनच उचलेल.

रेडकांची काळजी नको. हा जंत घोडा, गाढव, खेचर यांचाच. रेडकांचा मोठा गोल जंत वेगळा, त्याचं औषध त्यांना त्यांच्या वेळेला द्या.

मोतद्दार
गोठ्याचं मात्र बघा. या जंतांची अंडी चिवट असतात, मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि भिंतीला, गव्हाणीला चिकटून बसतात. औषध दिल्यावर पडणारी लीद रोज सकाळ-संध्याकाळ उचला. ती शेणाच्या उकिरड्यावर टाकून तेच खत तिच्या चाऱ्याच्या वावरात नेऊ नका, वेगळ्या खड्ड्यात नीट कुजवा. गव्हाण उकळत्या पाण्याने घासून काढा. आणि पुढे दुसरं शिंगरू आणलंत तर ते या जागी बांधू नका.

औषध दिलेल्या दिवशी आणि दुसऱ्या रात्री तिच्याजवळ कुणीतरी झोपा. ठोके मोजून वहीत लिहा आणि काही वेगळं वाटलं तर इथे लिहीत बसू नका, आधी डॉक्टरांना फोन.