इफ्रानचा मेल्लाह (ज्यूंची जुनी वस्ती): दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं?

पायवाट: ‘मोरोक्कोतलं ज्यूंचं भुताचं गाव, कुलूप नाही, कुठेही शिरा’ असा सल्ला इथल्या एका पोस्टमध्ये दिलाय. वाचून संताप आला. इफ्रानमधली शेजारची मुस्लीम कुटुंबं आजही तिथेच राहतात, ओस पडलाय तो फक्त मेल्लाह. आधी राखणदार गाठा, दफनभूमी आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) त्याच्याकडून उघडून घ्या. आणि रस्ता तरी नीट सांगा! फेसजवळचं थंड हवेचं इफ्रान वेगळं. हे अँटी-ॲटलास डोंगररांगेतलं: तिझनीत शहरातून एन-१ महामार्गाने बुइझाकर्न, मग पूर्वेकडे. ग्रँड टॅक्सी, म्हणजे गावोगावची शेअर टॅक्सी, सहा सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही, वेळ हाताशी ठेवा.

चाकं_फिरती: पोस्ट माझीच. शुक्रवारी दुपारी राखणदार नमाजाला गेलेला असेल, तर काय बाहेरून भिंती बघून परतायचं? पडक्या घरात शिरलं तर कोणाचं काय गेलं?

मातीकाम: तुमचा जीव जाईल. तिथलं माळवद म्हणजे तुळया, त्यावर बोरू, त्यावर माती. तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक आधी कुजतं आणि खालून ते दिसतच नाही. भिंतीच्या बुंध्याशी खाच पडलेली दिसली तर त्या घराजवळही जाऊ नका.

चाकं_फिरती: मग सिमेंटचा गिलावा करून टाका ना, कायमची कटकट मिटेल.

मातीकाम: अजिबात नको! जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि मातीच्या गिलाव्यातून उडून जाते. सिमेंट ती कोंडतं. आतली माती भुसभुशीत होते, वरून भिंत ठणठणीत दिसते आणि एक दिवस सगळा थर मातीसकट खाली येतो. गिलावा माती-भुशाचाच हवा, शिवाय दरवर्षी पावसाआधी माळवदाच्या चिरा बुजवायला हव्यात. घरं पडली ती हे करणारं कोणी उरलं नाही म्हणून.

रेवदंडेकर: माती पुरे झाली, माणसांचं बोला. आपले कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, तेही १९४८नंतर इस्रायलला गेलेच, अलिबागची इस्रायल आळीही रोडावली. तिला कोणी भुताची म्हणत नाही.

पायवाट: ही तुलना मान्य नाही. कोकणातून जायला बंदी नव्हती. मोरोक्कोने १९५६नंतर ज्यूंचं स्थलांतर रोखलं, लोक चोरून निघत. जानेवारी १९६१मध्ये अशा लोकांना नेणारी ‘एगोझ’ बोट बुडून चाळीसहून अधिक जण मेले. त्याच वर्षी वाट मोकळी झाली आणि १९६४पर्यंत नव्वद हजारांवर ज्यू बाहेर पडले.

रेवदंडेकर: बरं, बंदीचा मुद्दा घेतला. पण सगळे छळामुळेच गेले असं लिहू नका. गरिबी होती, धर्माची ओढही होती.

चाकं_फिरती: राखणदाराचं वाक्य घालतो. ‘भुताचं गाव’ राहील, त्याशिवाय कोणी वाचत नाही.

पायवाट: मग निदान दफनभूमीतला फोटो हटवा. तिथले थडग्यांचे दगड आडवे, जमिनीलगत असतात. त्या फोटोत तुम्ही एकावर उभे आहात.