जर्मनमधले टिंबवाले उ आणि ओ तोंडातून निघतच नाहीयेत, काय करू?

घणसोली_सिस्टर:
मंडळी, मी नर्सिंग केलंय, जर्मनीला जायचंय म्हणून ठाण्यात ए-वनचा, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीचा, क्लास लावलाय. ग्रामर पाठ करून होतं, पण स्वरांपाशी गाडं अडतं. मला म्हणायचं असतं "सुंदर", मी म्हणते 'शोन', मॅडम म्हणतात हे "आधीच" झालं, त्या ओवर दोन टिंबं आहेत. मग 'श्योन' म्हटलं तर तेही चूक!! उवर टिंबं आली की माझा 'यु' होतो. घरी प्रॅक्टिस करते तर सासूबाई विचारतात घसा बसलाय का. आपल्याला हे जमतं का मुळात?

पंक्या_कोपरी:
जमतं हो ताई. आधी तो 'य' सोडा. आपण त्या जर्मन पंडिताला मॅक्स म्युलर म्हणतो ना, तिथूनच ही खोड, त्याच्या नावात य नाहीच. लांब ई म्हणा, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं तसंच ठेवा आणि नुसते ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करा, झाला टिंबवाला उ. ओचं पण तेच, 'ए' धरून ठेवायचा आणि ओठ ओचे. जीभ मागे सरकली की संपलं, परत साधा उ येतो. मी वाशी लोकलमध्ये करायचो, रबाळे ते तुर्भे, समोरचा काका उठून दुसरीकडे बसला.

दीर्घ_वेलांटी:
टिंबांचं एवढं घेऊन बसू नका, खरा घोळ ऱ्हस्व-दीर्घात आहे. शाळेत त्याचे मार्क गेले तरी बोलताना आपलं कुणाचं अडलं नाही, इथे अडतं. 'श्टाट' झटकन तोडलं तर शहर, 'श्टाऽट' लांबवलं तर राष्ट्र. आणि तो आखूड आ म्हणजे आपला अ नाही हां, आ-च, फक्त कमी वेळ. पुढे तेच व्यंजन दोनदा लिहिलेलं असेल तर स्वर आखूड, स्वरानंतर एच आला तर लांब, एवढ्यावर बरंच निभतं. अजून एक, धन्यवाद म्हणताना 'डांके' म्हणू नका, शेवटी ए नाहीये, आपण "केलं", "झालं" बोलतो त्यातला शेवटचा स्वर आहे तो.

उकडलेला_बटाटा:
टिंबांचं पण घेऊन बसाच, अनुभवाचे बोल 😅 मे महिन्यात ऑनलाइन क्लासमध्ये ठाण्याची हवा "दमट" आहे सांगायचं होतं, 'श्वूल'वरची टिंबं खाल्ली आणि वाक्य झालं "ठाण्याची हवा गे आहे". मॅडमनी कॅमेरा बंद करून हसून घेतलं.

घणसोली_सिस्टर:
बटाटा 🤣 पंक्यादादा, शिट्टीवाला जमला!! जर्मनमध्ये एक आई ('मुटर') आणि अनेक आया यात फक्त तेवढाच उ बदलतो हे आज पहिल्यांदा कानाला कळलं. ओ अजून अडकतोय. सासूबाईंना ट्रिक सांगितली तर त्यांनी भाजी निवडता निवडता पहिल्या फटक्यात काढून दाखवला.