सेक्स्टंट संग्रहालयात ठेवा म्हणणाऱ्यांसाठी

दर्यावर्दी: परवा इथे एकानं लिहिलं, "जीपीएस असताना शर्यतीत सेक्स्टंट वापरायला लावणं हे निव्वळ नाटक आहे, तो संग्रहालयात ठेवा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. सेक्स्टंट म्हणजे सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजून बोटीचं ठिकाण काढायचं साधन. शिडाच्या बोटीतून एकट्यानं जगाला फेरी मारायच्या २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत जीपीएस सीलबंद पेटीत होता. किर्स्टन नॉयशेफर जिंकली, अभिलाष टॉमी दुसरा आला. ते पृथ्वीला वळसा घालून आले, ते नाटक?

असं लिहिणाऱ्यानं डोलत्या बोटीवर दुपारच्या सूर्याची उंची घेतलेली नसणार. बोट दोन लाटांच्या खळग्यात असताना जी रेघ दिसते ती क्षितिज नसते, पुढच्या लाटेची कड असते. तिच्यावर सूर्य टेकवला की उंची चुकली. लाटेच्या माथ्यावर यायची वाट बघायची आणि तेवढ्या क्षणात बिंबाची खालची कड क्षितिजाला लावायची. एक कला (अंशाचा साठावा भाग) चुकली की एक सागरी मैल गेला. पडद्यावर विसंबल्याचं फळ २०१४ मध्ये पाहिलंच: शर्यतीतली बोट वेस्टास विंड भर रात्री हिंदी महासागरातल्या कारगादोस काराजोसच्या खडकांवर चढली.

वारा_पडला: ते वाक्य माझंच. वेस्टासचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. बोट कुठे आहे हे जीपीएस बरोबर सांगत होता. खडक इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये होते, पुरेसं झूम केलं नाही म्हणून दिसले नाहीत. तिथे सेक्स्टंट असता तर काय फरक पडला असता? आणि २०१८ मध्ये टॉमी पाठ मोडून बोटीत पडला होता, तेव्हा त्याचा ठावठिकाणा उपग्रहांमुळेच कळला.

दर्यावर्दी: सुटकेसाठी उपग्रह नकोत असं मी कुठे म्हटलं? वाचा तरी नीट! कागदी चार्टवर पेन्सिलीनं रेघ ओढताना हात वाटेतल्या प्रत्येक खुणेवरून जातो. ती सवय गेली म्हणून ती बोट गेली.

शीड_सोडा: तुमचा सेक्स्टंट राहू द्या बाजूला. शर्यतीचा जीव घेतलाय तो राऊटिंगनं, म्हणजे हवामान बघून मार्ग ठरवून देण्यानं. जगाला सर्वात वेगवान फेरी मारायच्या ज्यूल्स व्हर्न विक्रमासाठी किनाऱ्यावर बसलेला तज्ज्ञ दिशा सांगतो आणि बोटीवरचे ती पाळतात. विक्रम नक्की कोणाचा?

वारा_पडला: एकट्यानं जगाला फेरी मारायच्या वॉन्दे ग्लोब शर्यतीत बाहेरून राऊटिंग घ्यायला बंदी आहे.

शीड_सोडा: बंदी माणसावर, सॉफ्टवेअरवर नाही. हवामानाची फाइल उतरवा, बोटीच्या वेगाचे आकडे घाला, मार्ग तयार. ज्याच्याकडे प्रायोजक मोठा, त्याच्याकडे बोटही वेगवान आणि आकडेही नेमके. गरीब खलाशी ढगाकडे बघतो.

वारा_पडला: असल्या रडगाण्याचा कंटाळा आलाय. एका शर्यतीत आम्ही याच सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवून भूशिराला लगटून गेलो. फाइलमधली अंदाजाची चौकट इतकी मोठी की कड्यानं अडवलेला वारा तिच्यात दिसलाच नाही. आमची शिडं लुळी पडली आणि वाऱ्यानं पाण्यावर उठणारे काळे पट्टे बघून बाहेरून गेलेल्या बोटी पुढे निघून गेल्या. पट्टे वाचायला प्रायोजक लागत नाही. सॉफ्टवेअर वापरायलाही डोकंच लागतं, एवढंच माझं म्हणणं.

दर्यावर्दी: म्हणजे नजर लागतेच! मग सकाळपासून मी काय सांगतोय?

वारा_पडला: पाणी वाचायची नजर लागते. ताऱ्यांच्या कोष्टकांत तासभर डोकं घालायची नाही. आणि जुन्या जमान्याचं कौतुक करताना १९६८ ची पहिली गोल्डन ग्लोबही आठवा. त्यातला स्पर्धक क्राउहर्स्ट खोटी ठिकाणं कळवत राहिला, कारण तपासायला कोणीच नव्हतं. आज ट्रॅकर असताना ते जमेल?

दर्यावर्दी: एका दुर्दैवी माणसाच्या नावानं अख्खी कला बाद करू नका. त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी परतला, तो याच विद्येच्या जोरावर. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात खोट्या सिग्नलमुळे जहाजांचे जीपीएस त्यांना किनाऱ्यावरच्या विमानतळावर दाखवत होते, तेही आठवा. अमेरिकेच्या नौदल अकादमीनं बंद केलेलं सूर्य-तारे बघून ठिकाण काढायचं शिक्षण २०१५ मध्ये परत सुरू केलं.

वारा_पडला: बरं. खोट्या सिग्नलचा मुद्दा मान्य, सेक्स्टंट बोटीवर असावा. पण सक्तीची शर्यत वेगळी ठेवा. सगळ्यांच्या माथी मारू नका.

शीड_सोडा: राऊटिंगचं उत्तर दोघांनीही टाळलंय.