डेंग्यू रोखण्यासाठी बदल केलेले डास सोडावेत का?

प्रश्न: जालन्याजवळील दावलवाडीत २०१७ मध्ये डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस जातीच्या, जनुकीय बदल केलेल्या डासांच्या पिंजऱ्यातील चाचण्या सुरू झाल्याचे वाचले. असे डास मुद्दाम वस्तीत सोडण्यात फायदा अधिक की धोका?

उत्तर: येथे दोन पद्धतींची गल्लत होऊ नये. जनुकीय पद्धतीत सोडलेल्या नरांची संतती प्रौढ होण्याआधीच मरते. नर चावत नाहीत हे खरे, परंतु ते पुन्हा पुन्हा सोडावे लागत असल्याने खर्च संपत नाही. दुसऱ्या पद्धतीत जनुके न बदलता डासांत वोल्बाकिया हा जिवाणू घालतात, जो मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो आणि विषाणूची वाढ रोखतो. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरातील चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी कमी आढळले. मला हीच वाट अधिक भरवशाची वाटते.

दुसरे उत्तर: आकडे मान्य आहेत, पण लोकांच्या संमतीचे काय? दिल्ली परिसरातील जागतिक आरोग्य संघटनेचा डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प १९७५ मध्ये संशयाच्या वादळात बंद पडला. सोडलेले डास परत बोलावता येत नाहीत, म्हणून ग्रामसभेत आधी सविस्तर चर्चा झालीच पाहिजे.

प्रश्नकर्ता: आभार. वोल्बाकियात जनुकीय बदल नसतो, हे मला ठाऊक नव्हते.