मदत हवी आहे: मॅरेथॉन पाच आठवड्यांवर, तयारी नाही, मित्र म्हणतात ओढून नेऊ

घोडबंदरवाला
जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पाच आठवडे उरलेत. आम्ही चौघांनी एकत्र पैसे भरले होते. तिघांची तयारी झाली, माझी राहिली. आता तिघंही म्हणतात, तू फक्त उभा राहा, आम्ही ओढून नेतो. पाच आठवड्यांत नेमकं काय करू ते सांगा. 'पुढच्या वर्षी धाव' हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतो. जरा लवकर सांगा, उद्या पहाटे सुरुवात करायची आहे.

केतकी_पाचपाखाडी
फुल (४२ किमी) की हाफ (२१)? आमच्या सोसायटीत ड्रीम रनला, म्हणजे त्या छोट्या हौशी धावेला, जाऊन आलेले लोकही 'मॅरेथॉन मारली' म्हणतात, म्हणून विचारतेय.

नौपाडाकर
वय? वजन? आजवर सलग जास्तीत जास्त किती धावलात? कधी? एवढं तरी लिहा हो, आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

येऊरवासी
बाकी सगळं सोडा, आठवड्यातून चार दिवस ठाण्याच्या येऊरचा डोंगर-चढ मारा. गेटपासून वर आणि परत. मी त्यावरच तीन हाफ केल्या, वेगळा लाँग रन एकही नाही. आणि महागडे बूट घेऊ नका. शिवनाथ सिंग अनवाणी धावायचे, त्यांनी १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन मारली. आपण बुटांच्या नादात पाय बिघडवून घेतलेत.

नौपाडाकर
येऊरवासी, शिवनाथ सिंग सैन्यातले. धागाकर्ते बहुतेक दिवसभर खुर्चीवर. आणि अनवाणीचंच काढलंत तर इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोम ऑलिंपिकला अनवाणी जिंकला खरा, पण १९६४ साली टोकियो ऑलिंपिकला बूट घालून धावला आणि तेव्हाची जागतिक सर्वोत्तम वेळ दिली. बूट घालून!

येऊरवासी
तो बिकिला होता. चपला घालूनही जिंकला असता.

घोडबंदरवाला
अहो माझ्या प्रश्नाचं काय? फुल आहे, हे उघड होतं ना, हाफसाठी कोण विचारेल. वय ४१. सप्टेंबरात १६ किमी झाले होते. मग ऑफिसचं काम, दिवाळी, मध्ये आजारपण. आता आठ-नऊ किमी जातो. पेस साडेसात, म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं.

सीवूड्सची_सई
'मध्ये आजारपण' म्हणजे काय? मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, चौकशा करत नाहीये, पण हे एका शब्दात उरकायचं नसतं.

अण्णा_कोपरी
मॅरेथॉनचा ४२.१९५ किमी हा आकडा कुठून आला ते कुणाला माहीत आहे का? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपवली. ते अंतर जेवढं भरलं तेच पुढे १९२१ साली कायम झालं. म्हणजे शेवटचं दीड-दोन किलोमीटरचं मरण इंग्लंडच्या राजघराण्यामुळे.

घोडबंदरवाला
अण्णा, माहितीबद्दल धन्यवाद, पण मला ते मरण टाळायचं आहे.
सईताई, डेंग्यू झाला होता. ऑक्टोबरच्या शेवटी. पाच दिवस अॅडमिट. प्लेटलेट्स नंतर वर आल्या. आता ठीक आहे, जिने चढताना थोडी धाप लागते एवढंच.

सीवूड्सची_सई
'एवढंच' काय! डेंग्यूनंतरचा थकवा कितीतरी आठवडे रेंगाळतो, आणि कधीकधी हृदयाच्या स्नायूंवरही सूज येते. जिन्यात धाप लागत असेल तर आधी डॉक्टर. ईसीजी, हिमोग्लोबिन, ते सांगतील ते सगळं. तोवर चाला. उद्या पहाटेचा रन रद्द. मी हे इंटरनेटवर वाचून सांगत नाहीये.

येऊरवासी
डॉक्टर काय, नाहीच म्हणणार. त्यांना विचारून कोण धावतं?

सीवूड्सची_सई
जे धड घरी परत येतात ते.

केतकी_पाचपाखाडी
डॉक्टर हो म्हणाले असं धरून लिहिते. पाच आठवड्यांत फुलची तयारी होत नाही, पूर्ण करण्यापुरती जुळवाजुळव होते. रविवारी १४, मग १८, मग २३-२४, त्यानंतर कमी करत यायचं. शेवटचा मोठा रन शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर हाव नाही. आणि पहिल्या किलोमीटरपासून चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीच चालायचं. साडेसातच्या पेसने धरलं तर साडेपाच तासांच्या जरा वर. आयोजकांची वेळमर्यादा आधी बघून घ्या.

सीएसएमटीहून पहाटे पाचला अंधारात निघताना सगळे वाघ असतात. जाताना पेडर रोडचा चढ जाणवतही नाही. तोच चढ पस्तीस किलोमीटर झाल्यावर परत येतो, तेव्हा ऊन डोक्यावर असतं.

नौपाडाकर
मित्र ओढून नेणार म्हणजे कसं? त्यांचा पेस काय? हे कुणीच विचारलं नाही.

घोडबंदरवाला
दोघं साडेचार-पावणेपाच तासवाले, ते पुढे जातील. तिसरा माझ्याबरोबर राहणार. ३० किमीला एक पेनकिलर देणार आहे, त्याच्याकडे असते.

सीवूड्सची_सई
नको. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला महागात पडतात. आणि घाबरून प्रत्येक स्टॉलवर पाणीही ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. ओआरएस घ्या. पुडी एक लिटरची असेल तर एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत नाही.

नौपाडाकर
तिसऱ्याचा स्वतःचा पेस?

घोडबंदरवाला
५:४०.

नौपाडाकर
५:४० म्हणजे ३ तास ५९ मिनिटं. माणूस चार तासांच्या आत यायला वर्षभर राबलाय आणि तुमच्याबरोबर साडेपाच तास चालणार? मूळ पोस्टमध्ये हे नव्हतं.

घोडबंदरवाला
तो स्वतःच म्हणतो. मी मागितलेलं नाही.

खरं सांगू का, हेच डोक्यात आहे. गेल्या रविवारी उपवनला तलावाला फेऱ्या मारत होतो. आठव्या किलोमीटरला माझ्या पोटरीत गोळा आला. हा तिथेच खाली बसला, माझा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा मागे रेटत राहिला. बुटाचा चिखल त्याच्या नव्या शॉर्टसला. त्याचं घड्याळ पेस घसरला म्हणून टुंटुं करत होतं. दोनदा वाजलं, तिसऱ्यांदा त्याने ते काढून खिशात टाकलं. वर मलाच विचारतो, 'दुखतंय का रे?' मी अकरावीपासून ओळखतो त्याला. नको म्हटलं तर ऐकणार नाही.

केतकी_पाचपाखाडी
मग त्याला न विचारता ठरवा. मी पहिल्या फुलला कुणाला बरोबर घेतलं नव्हतं. माझा दीर पेडर रोडच्या पायथ्याशी उभा होता, हातात मीठ-लिंबू लावलेल्या संत्र्याच्या फोडी. त्याने एक फोड तोंडात कोंबली आणि 'वहिनी, इथून पुढे उतारच आहे' म्हणून धडधडीत खोटं बोलला. बरोबर धावणाऱ्याकडे बघून आपण पेस बिघडवतो, रस्त्यात उभा असलेला माणूस जास्त उपयोगी पडतो. रस्त्यावरचे अनोळखी लोकही चिक्की-बिस्किटं देतात, उपाशी नाही राहणार.

अण्णा_कोपरी
संत्र्याने अॅसिडिटी होते. खजूर द्यावा.

येऊरवासी
मित्र बरोबर हवाच. माझ्या दुसऱ्या हाफला मित्र नसता तर मी वरळीला टॅक्सी केली असती.

नौपाडाकर
येऊरवासी, त्या दिवशी त्या रस्त्यावर टॅक्सी मिळते?

घोडबंदरवाला
अपडेट. आज डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी ठीक. हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे कमीच. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) शनिवारी, तोपर्यंत फक्त चालायला सांगितलंय. बायकोने धागा वाचला, सईताईंना नमस्कार सांगितलाय.
इको ठीक आला तरी डॉक्टर फुलला हो म्हणतील असं वाटत नाही. मित्राला काल फोन केला, म्हटलं तू तुझा ५:४० धाव. दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, 'मग तू कुठे उभा राहणार?' मी पेडर रोड सांगितलं. म्हणाला, 'संत्री नको, मला मीठ लावलेली काकडी आण.'

सीवूड्सची_सई
९.८ घेऊन तुम्ही आठ किलोमीटर धावत होतात! शनिवारी इथे नक्की लिहा.

अण्णा_कोपरी
काकडीने गॅस होतो.

मुंब्रा_लोकल
धागा पूर्ण वाचला नाही. ठाण्याहून पहाटे पाचच्या आत सीएसएमटीला पोहोचायला लोकल आहे का? आणि रजिस्ट्रेशन अजून चालू आहे का? मला दहा किमी करायचंय, तयारी नाहीये.