सराफी पेढीवर बंदूकवाला ठेवावा की नको?

धाकटी_पेढी

आमची सराफी पेढी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, भर बाजारपेठेत आहे. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढं गेल्यापासून घरात एकच वाद पेटलाय. धाकट्या भावाला दारात बंदूकवाला हवा, मला नको.

भीती काही नवी नाही. जून 2023 मध्ये सांगलीत मिरज रस्त्यावरच्या रिलायन्स ज्वेल्सवर भरदिवसा दरोडा पडला. चारच दिवसांनी कोल्हापूरजवळ बालिंग्यात सराफाच्या दुकानात गोळीबार करून लूट झाली. तेव्हापासून आमच्या भागात कुणी हेल्मेट न काढता दुकानात शिरलं की काउंटरवरची पोरं ताठ उभी राहतात.

माझं म्हणणं असं. सांगलीत ती टोळी पोलीस असल्याचं सांगून आत आली आणि मग कर्मचाऱ्यांना बांधलं. दारात बंदूकवाला असता तर त्यानं पोलिसांवर बंदूक रोखली असती? सलाम ठोकून दार उघडलं असतं! मार्च 2025 मध्ये बिहारमधल्या आऱ्याला तनिष्कच्या शोरूमवर दरोडा पडला. तिथं तर हत्यारी रखवालदार होता. त्याच्या डोक्याला पिस्तूल लावून त्याचीच बंदूक काढून घेतली. म्हणजे पगार आपण द्यायचा आणि दरोडेखोराला एक हत्यार वाढवून द्यायचं.

त्यापेक्षा दोन चलाख बिनहत्यारी माणसं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही असं दुहेरी दार, हूटर, आणि शेजारच्या चार दुकानांत वाजेल असं पॅनिक बटण. भाऊ म्हणतो, "तुझ्या शिट्टीला कोण भितंय?" ज्यांनी प्रत्यक्ष बंदूकवाला ठेवलाय त्यांनी आधी लिहा.

रंकाळ्याचा_वारा

ठेवलाय, आठ वर्षं झाली. तुमच्या धाकट्याचं बरोबर आहे राव. दरोडेखोर काय देवळात शिरल्यासारखा कुठंही शिरत नाही. आधी रेकी करतो, चार दुकानं हेरतो आणि जिथं काम सोपं तिथं घुसतो. आपलं दुकान त्या चारातलं सगळ्यात अवघड असलं की झालं. बंदूक चालवायला नसते, दिसायला असते.

आणि चालवायची वेळ आलीच तर? फेब्रुवारी 2018 मध्ये जयपूरला अ‍ॅक्सिस बँकेच्या शाखेवर तोंडं बांधलेले तेरा जण रात्री चालून आले. आत 925 कोटी रुपये होते. आतल्या एकट्या जवानानं एक गोळी झाडली, सगळे पळत सुटले. शिट्टी वाजवून पळाले असते काय?

धाकटी_पेढी

तो जवान राजस्थान पोलिसांचा कॉन्स्टेबल होता, खासगी सुरक्षा एजन्सीचा माणूस नव्हे. सरकारी हत्यार, सरकारी प्रशिक्षण, आणि तो बंद दाराच्या आत होता. माझ्या दारात सकाळी दहापासून उभा राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करणारा माणूस वेगळा. एजन्सी ज्याला पाठवते त्यानं शेवटची गोळी कधी झाडली होती, हे तुम्ही तुमच्या गनमॅनला कधी विचारलंत का?

रंकाळ्याचा_वारा

नाही विचारलं. दरोडेखोरानं तरी कुठं विचारलंय?

माजी_सुभेदार

हे उत्तर ऐकायला झकास आहे, पण त्याच्या भरवशावर दुकान सोडू नका.

मी फौजेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं बँकांच्या सुरक्षेत काढली. माझं मत हत्याराच्या बाजूचं आहे. फक्त तुम्ही सगळे ज्या पद्धतीनं ते वापरता, ती मला मान्य नाही. खासगी रखवालदाराकडं बहुधा डबल बारी, म्हणजे दुनळी, बारा बोअर बंदूक असते. दोन काडतुसं, मग परत भरा. छर्ऱ्याचं काडतूस असेल तर छर्रे पसरतात. बाजारपेठेत दुकानासमोर भाजीवाली बसलेली असते, समोरच्या दुकानात गिऱ्हाईक असतं. तिथं गोळी झाडायला कलेजा लागतो, आणि न झाडायला त्याहून मोठा.

बंदूकवाल्याला दारात उभं करणं ही मूळ चूक. हातभर अंतरावरून येणाऱ्या माणसाविरुद्ध लांब नळीची बंदूक निरुपयोगी असते. तो नळी धरतो, संपलं. आऱ्यालाही जवळ आलेल्या माणसानंच बंदूक काढून घेतली. बंदूकवाला आत, उंचावर, जाळीमागं बसवा. माळा असेल तर माळ्यावर. दारात बिनहत्यारी माणूस ठेवा, ज्याचं काम फक्त बघणं आणि दार न उघडणं. वरच्याला खालचा दिसला पाहिजे, गिऱ्हाइकाला वरचा दिसला नाही तरी चालेल.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्याखालच्या नियमांत नव्या गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर शिकवणं बंधनकारक आहे. माजी सैनिकाला 40 आणि 16. कागदावर. एजन्सीकडं प्रमाणपत्र मागा आणि मग त्या माणसाला समोर बसवून विचारा, कुठं आणि काय शिकलास. दोन मिनिटांत कळतं.

धाकटी_पेढी

सुभेदार साहेब, आमचं दुकान बारा फूट रुंद. माळा आहे, पण त्यावर कारागीर बसतात.

फिल्डवाला

एजन्सीत फिल्ड ऑफिसर आहे, त्यामुळं नाव-गाव विचारू नका.

गनमॅन ठेवायचा असेल तर बंदुकीआधी परवाना बघा. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा बंदूक एजन्सीची नसते, त्या माणसाची स्वतःची असते. तो गावाकडनं बंदूक आणि परवाना घेऊन येतो, म्हणून त्याला साध्या गार्डपेक्षा जास्त पगार. आता तो परवाना कुठल्या जिल्ह्यातून निघालाय, त्याच्यावर हद्द काय लिहिलीय, नूतनीकरण कधीचं आहे, हे कोण बघतं? मालक झेरॉक्स फाइलला लावतो आणि विसरतो. परवाना त्याच्याच राज्यापुरता असेल तर तुमच्या दारात उभा असलेला माणूस बेकायदा हत्यार घेऊन उभा आहे. जम्मू-काश्मीरमधून 2012 ते 2016 या काळात निघालेल्या अडीच लाखांवर परवान्यांची सीबीआय चौकशी लागली होती, एवढं सांगितलं तरी पुरे.

मूळ परवाना हातात घ्या. त्यावरचा बंदुकीचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून पाहा. स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद केलीय का, ते विचारा. एजन्सी "हो हो, सगळं क्लिअर आहे" म्हणाली की अजून नीट बघा.

दुसरं, निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात. बँकांना बहुधा सूट मिळते, बाकीच्यांना छाननी समितीकडं अर्ज करावा लागतो. अर्ज वेळेत केला नाही तर बंदूक ठाण्यात आणि तुमचा बंदूकवाला दारात रिकाम्या हातानं. पगार मात्र गनमॅनचा, वर 18 टक्के जीएसटी. आपल्याकडं लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका… करा हिशेब.

काळा_कोट

वकील म्हणून थोडं.

मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्यापर्यंत मजल मारता येते, पण ठरावीक प्रसंगांतच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 मध्ये ते दिले आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वीची घरफोडी वगैरे. साध्या चोरीत नाही, जोवर जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती नसेल. शिवाय बचावापुरतीच इजा, त्याहून जास्त नाही. एखाद्यानं अंगठी उचलून धूम ठोकली आणि तुमच्या माणसानं मोटरसायकलवर बसणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर रात्रीपर्यंत पोलीस ठाण्यात तो असेल आणि तुम्हीही. पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या तारखा. गावात तुमचं दुकान "ते गोळीबारवालं" म्हणून ओळखलं जाईल ते वेगळंच.

बारा तास उभ्या राहिलेल्या माणसानं हा सगळा विचार एका सेकंदात करायचा असतो. म्हणून मी अशिलांना सांगते, बिनहत्यारी ठेवा आणि पैसे दरवाजावर घाला.

रंकाळ्याचा_वारा

वकीलबाई, कायदा बरोबर आहे, पण तुमच्या हिशेबात दरोडेखोराकडं पिस्तूल नाहीच की काय? बालिंग्यात त्यांनी गोळ्या झाडल्या, लोक जखमी झाले. तिथं ती जबरी चोरीच होती, तेव्हाच्या कायद्यातलं तसंच कलम लागूच होतं. आपल्या बाजूनं एकही नळी नसणं ही अहिंसा नव्हे, लाचारी आहे. आणि कोर्टाच्या तारखांना जायला माणूस जिवंत असला पाहिजे.

काळा_कोट

बरोबर. पण त्या दुकानात बंदूक असती तर जखमी कमी झाले असते की जास्त, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. अशिलाला सल्ला देताना मी जे मोजता येतं तेच मोजते.

वॉचमनची_लेक

माझे बाबा एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे. शेतीच्या राखणीसाठी घेतलेली बारा बोअर त्यांच्या कामी आली, कारण बिनबंदुकीच्या गार्डला मिळायचे त्यात आमची शाळेची फी निघाली नसती. रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, आला नाही की डबल ड्यूटी. बसायला स्टूल मागितलं तर "बंदूकवाला बसलेला बरा दिसत नाही" म्हणायचे.

इथं सगळे बंदूक काय करेल ते लिहितायत. बंदूक हातात असलेल्या माणसाला दरोडेखोर पहिला गाठतो, कारण त्याच्याकडं बंदूक आहे. आई रोज तेच म्हणायची. पण बिनहत्यारी ठेवा म्हणणाऱ्यांनाही विचारते: दरोडा पडला तर नेमकं काय करायचं, हे तुम्ही त्याला सांगितलंय का? बाजूला हो, बटण दाब, अंगावर घेऊ नकोस, असं मालकानं स्पष्ट सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. सगळे गृहीत धरतात की तो काठी घेऊन आडवा जाईल. महिन्याच्या त्या पगारात.

धाकटी_पेढी

ताई, नाही सांगितलेलं. आमच्या रात्रीच्या वॉचमन मामांनाही नाही.

विमा_आणि_बरंच

विम्याच्या नुकसानीचा सर्व्हेअर आहे. कोरडं लिहितो, चालवून घ्या. ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसीच्या, म्हणजे सराफांच्या विम्याच्या, प्रस्तावात रखवालीची व्यवस्था विचारतात, पण क्लेम आला की आम्ही आधी तिजोरीकडं जातो. दुकान बंद झाल्यावर शोकेसमध्ये किंवा तिजोरीबाहेर राहिलेला माल सहसा संरक्षणात येत नाही. बंदूकवाला असूनही रात्री ट्रे बाहेरच राहिले, अशी प्रकरणं बघितलीत. दहा मिनिटांच्या आवराआवरीचा कंटाळा!

आणि एक विचारतो. तुमचा माल हॉलमार्किंगला कसा जातो?

धाकटी_पेढी

अण्णा नेतात. स्कूटरच्या डिकीतून सांगलीला. हॉलमार्किंग सक्तीचं झाल्यापासून फेऱ्या वाढल्यात.

विमा_आणि_बरंच

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी?

धाकटी_पेढी

हो.

माजी_सुभेदार

मग दाराचा वाद काय घालताय! टोळीनं कॅमेऱ्यांच्या दुकानात कशाला यावं? मोकळ्या रस्त्यावर एकटा म्हातारा माणूस डिकीत सोनं घेऊन जातोय.

बँकांच्या रोकड वाहतुकीसाठी केंद्रानं 2018 मध्ये नियम केले: गाडीत दोन हत्यारी गार्ड, शहरात रात्री नऊनंतर आणि ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर एटीएममध्ये रोकड भरायची नाही, एका फेरीत पाच कोटींच्या वर नाही. सराफांना ते लागू नाहीत, पण त्यामागचा विचार घ्या. बंदूक जिथं लागते ती जागा म्हणजे प्रवास. बंद गाडी, चालक वेगळा, गनमॅन वेगळा, वार आणि रस्ता दर वेळी बदलता. आसपासच्या चार-पाच सराफांनी मिळून गाडी केली तर परवडेल.

रंकाळ्याचा_वारा

चला, सुभेदारांनी शेवटी बंदूक मान्य केली!

माजी_सुभेदार

पहिल्या ओळीपासून मान्य आहे. तुम्ही दारात उभी केलीत तिथं नाही.

धाकटी_पेढी

भावानं हे सगळं वाचलं. गाडीचं त्याला पटलं, सराफ संघाच्या बैठकीत काढतोय. अण्णांची स्कूटर बंद, त्यावरून घरात वेगळं महाभारत. दुहेरी दाराचं माप सुताराला दिलंय. दाराशी मात्र त्याला अजून बंदूकच हवी. म्हणतो, धनत्रयोदशीला दोनशे माणसं दारात असतात तेव्हा तुझं एक-बंद-एक-उघड दार चालणार आहे का?

रंकाळ्याचा_वारा

हाच तर प्रश्न! द्या उत्तर.

माजी_सुभेदार

दोनशे माणसांत बारा बोअर? त्या दिवशी तर मुळीच नको. त्या दिवशी चार बिनहत्यारी माणसं जास्त घ्या, त्यातल्या दोन बायका, म्हणजे गिऱ्हाईक बायकांच्या पिशव्या तपासता येतील. आत एका वेळी पंधराच सोडा, बाकीच्यांना मांडवात खुर्च्या आणि चहा. आणि पोलीस ठाण्यात आठ दिवस आधी बंदोबस्ताचा अर्ज द्या, आदल्या दिवशी नव्हे.

रंकाळ्याचा_वारा

आमच्याकडं धनत्रयोदशीलाही गनमॅन दारातच असतो. अजून तरी काही झालेलं नाही.

काळा_कोट

काडतुसं भरलेली असतात की रिकामी?

रंकाळ्याचा_वारा

उद्या विचारून सांगतो.