मदत हवी आहे: घरासाठी परवडणारा ऑल-इन-वन प्रिंटर, इंक टँक की लेझर?

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रिंटरने अखेर मान टाकली. म्हणजे दिवे लागतात, कागद ओढतो, घरघर करतो, फक्त कागदावर धड काही उमटत नाही. कार्ट्रिजवाला इंकजेट आहे. तीन-चार आठवडे हात लावला नाही की शाई अडकते. मग हेड (शाई फवारणारा भाग) क्लीनिंग, मग नोझल (हेडची बारीक छिद्रं) चेकचं पान, त्या रेघांच्या जाळीत पांढऱ्या फटी, की पुन्हा क्लीनिंग. निम्मी शाई या धुण्यातच जाते. परवा मुलीचं परीक्षेचं प्रवेशपत्र छापलं तर निळा रंग गायब, आणि फोटोत ती उन्हात भाजून निघाल्यासारखी लालबुंद. घरात सगळे हसले, ती सोडून.

आमचा वापर महिन्याला ३०-४० पानांचा, पण तोही लहरी. पंधरा दिवस एक पान नाही आणि मग एका संध्याकाळी वीस. जवळपास सगळं काळं-पांढरं, रंगीत म्हणजे कधीतरी शाळेच्या प्रकल्पातली चित्रं. स्कॅनिंग मात्र भरपूर. बाबांचे तपासण्यांचे रिपोर्ट असतात, शिवाय आईच्या हस्ताक्षरातली एक जुनी वही आहे, तिचं पान न् पान मला जपून ठेवायचंय. बाबा स्वतः झेरॉक्स काढतात, त्यामुळे कॉपीचं बटण यंत्रावरच हवं. ‘आधी ॲप उघडा’ हे त्यांना चालणार नाही (मलाही नाही).

जो तो इंक टँक (कार्ट्रिजऐवजी बाटलीतली शाई टाकीत ओतायची तो) घ्या म्हणतो, पानामागे खर्च नगण्य म्हणे. पण शाई तिथेही ओलीच ना? मग ती सुकणार नाही कशावरून? लेझर घेतला तर रंगावर पाणी सोडावं लागेल. काय करू?

प्रतिसाद १

तुमच्या वापराला डोळे मिटून काळा-पांढरा लेझर. टोनर ही मुळात कोरडी पावडर, ती उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. सुकायला ओलं आहेच काय त्यात? दोन महिन्यांनी चालू केला तरी पहिलं पान स्वच्छ येतं. रंगीत चार पानं बाहेरून छापून आणा.

तीन गोष्टी सांगून ठेवतो. यंत्रासोबत येणारा टोनर बहुधा अर्धवट भरलेला असतो, त्यामुळे हिशेब पुढच्या टोनरच्या किमतीवर करा. ड्रम (टोनर कागदावर उतरवणारा रोल) टोनरसोबतच बदलतो की वेगळा घ्यावा लागतो, तेही विचारा. आणि लेझरला कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावू नका, फ्यूजर (टोनर वितळवणारा भाग) तापताना एकदम शेकडो वॅट ओढतो.

प्रतिसाद २

टँकची उगाच बदनामी नको. माझा तीन वर्षं नीट चालू आहे. पण त्याला आठवड्याला एक रंगीत पान लागतं, कुंडीला पाणी घालतो तसं.

खरी गोम बंद करण्यात आहे. पहिल्या वर्षी मी काम झालं की थेट भिंतीवरचं बटण बंद करायचो, वीज वाचवल्याच्या समाधानात. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल झाकले जातात. मध्येच वीज तोडली तर हेड असेल तिथे उघडंच राहतं. माझा काळा रंग असाच बसला होता. तुमच्या जुन्या यंत्राचं मरण यातच असेल, बघा आठवून.

टँकमध्ये शाई नवी भरली तरी हेड तेच राहतं. काही कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं, नवी घातली की नवं हेड. टँकमध्ये ती सोय नाही, हेड गेलं तर मोठा खर्च. क्लीनिंगची शाई आत एका पॅडमध्ये मुरते, तो घरी बदलता येणारा आहे का तेही पाहा. महिन्याला शेकडो पानं असती तर मी टँकच सांगितला असता. ३०-४० पानांत बाटलीच्या स्वस्ताईचा फायदा तुमच्या पदरात पडणार कधी?

धागा काढणारी

भिंतीवरचं बटण! आमच्याकडे रोज रात्री बाबा सगळ्या घराची बटणं बंद करत फिरतात. आत्ता त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “मग आधी सांगायचंस.”

लेझरकडे मन झुकतंय. पण वहीचं काय? स्कॅनर कसा पाहायचा?

प्रतिसाद ३

घरगुती ऑल-इन-वनमध्ये बहुतेक सीआयएस स्कॅनर असतो, म्हणजे काचेच्या अगदी जवळून वाचणारा. काचेला टेकलेलं अक्षर लख्ख, जरा वर उचललं गेलं की धूसर. म्हणून बांधीव वहीत शिवणीजवळचे शब्द पुसट येतात. वहीची शिवण उसवलेली असेल तर उलट बरंच, पानं सुटी ठेवता येतील.

सपाट काच हवीच. रिपोर्टांच्या गठ्ठ्याला एडीएफ (पानं आपोआप आत ओढणारा ट्रे) सोयीचा, पण आईच्या वहीचं एकही पान त्यात घालू नका. रोलरमध्ये जुना कागद चुरगळला की संपलं. रिपोर्टांना ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) पुरे, वहीला ६००, आणि काळ्या शाईची असली तरी रंगीतच स्कॅन करा. कागदाचा पिवळेपणा, खोडलेलं, पेन्सिलीने नंतर लिहिलेलं, सगळं वेगळं दिसतं. मागची अक्षरं आरपार दिसत असतील तर पानामागे काळा कागद ठेवा.

एक शंका: जुन्या यंत्राचा स्कॅनर धड असेल ना? मग वहीचं काम आजच सुरू करा की.

धागा काढणारी

तुमचं वाचून लगेच लावून पाहिला. पडद्यावर ‘कार्ट्रिज बदला’. स्कॅनचं बटण दाबलं तरी तेच. शाई नाही म्हणून स्कॅन नाही! स्कॅनला शाई कशाला लागते हे कुणी सांगेल का?

प्रतिसाद १

लागत नाही. काही यंत्रं मुद्दाम अडून बसतात. नवीन घेताना टोनर काढून ठेवून स्कॅन करून दाखवा म्हणा. करून दाखवत नसतील तर ते मॉडेल सोडा.

धागा काढणारी

ठरलं मग. काळा-पांढरा लेझर, सपाट काच, कॉपीचं बटण समोर. शनिवारी बाबांना सोबत नेते, बटण त्यांनाच दाबून पाहू दे. तोवर वहीची सुटी पानं क्रमाने लावते आहे. सतरावं पान सापडत नाहीये.